गंगूला आणायला गेले तेव्हा

तीन दिवस मी वाघजाईला कौल लावला आणि तिन्ही दिवस फूल जागचं हललं नाही. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून मला हाकललं होतं. तेही एक वेळ सोसलं असतं, पण माझी साडेचार वर्षांची गंगू त्याने ठेवून घेतली होती. माहेरी, भरे गावात, थोरला भाऊ म्हणायचा, "कोर्टाची पायरी चढू नगं. पोरगी बापाची असती." देवीही गप्प, म्हणजे तिचंही तेच म्हणणं असेल, असं वाटून मी खचले. चौथ्या दिवशी मात्र ओटी भरली आणि म्हटलं, "आई, बोलायचं नसंल तर बोलू नगंस. पर माझ्यासंगं चल." तेवढं बोलले आणि छाती हलकी झाली. लग्नात माझ्या आईने घातलेली बोरमाळ पदरात बांधून पुण्याची एस.टी. धरली.

कोर्टात पहिल्याच वकिलाच्या कारकुनाने सांगितलं, आधी शंभर रुपये ठेव, मग साहेब ऐकतील. बोरमाळ मोडायचीच म्हणून मी फाटकाशी बसलेल्या कासारणीला सराफाचं दुकान विचारलं. तिने माझ्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. "कुनासाठी मोडतीस?" मी रडत सगळं सांगितलं. तिने बांगड्यांची टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि माझा हात धरला. "माझं पोर बी असंच सोडवून आनलंय. चल."

दोन गल्ल्या ओलांडून तिने मला एका वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी आधी पैशाचं काढलंच नाही. "मुलीचं वय किती?" म्हणाल्या. मी सांगितलं. "छप्पन सालचा नवा कायदा म्हणतो, पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईजवळ असावं. आजच अर्ज लिहू. स्टॅम्पाचे पैसे आत्ता द्या, माझी फी सुगीनंतर."

स्टॅम्पापुरते पैसे जवळ होते. फी बुडवायची नव्हती, पण रोकड कुठून आणणार? "तांदूळ चालतील? आमचा आंबेमोहर हाय."

त्या हसल्या. "चालतील. पण निवडून आणा, मला वेळ नसतो."

गंगूला पाच वर्षं पुरी व्हायला महिना उरला असताना निकालाचा दिवस आला. नवऱ्याचा वकील म्हणाला, हिला ना घर ना दार, पोरीला ठेवणार कुठं? मी काही बोलायच्या आत मागून भाऊ उठला. नको नको म्हणणारा माझा दादा टोपी हातात घेऊन उभा होता. "माज्या घरात, साहेब. भाची हाय ती माजी." न्यायाधीशांनी गंगूला माझ्या स्वाधीन केलं. माझ्या कडेवर येताच तिने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि तिथंच झोपली.

दोन सुगी मी निवडलेला तांदूळ वकीलबाईंच्या दारात पोचवला. बोरमाळ गंगूच्या लग्नात तिच्या गळ्यात घातली. गावातल्या बाया म्हणतात, ती कासारीण म्हणजे साक्षात वाघजाई. मी नंतर तिला साडी नेसवायला गेले होते. ती खोकत होती, तिच्यासाठी काढा करून दिला. माणूसच होती ती. पण शेकडो माणसांच्या त्या फाटकात मी वाट विचारली ती नेमकी तिलाच, हे माझं शहाणपण नव्हे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. आपला भार आईच्या पायाशी ठेवावा आणि निर्धास्त चालायला लागावं. वाटेत कुणी हात पुढे केला तर लाजू नये, धरावा. तो कुणी पाठवला, हे मला विचारावं लागत नाही.