जुन्या मालकाचा पंखा, नव्या मालकाचा पंखा

कोणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कोणी नाणी. आर्वीत आम्ही दोघं टेबल फॅन जमवायचो. मी तहसील कचेरीत कारकून, आणि दुसरे एका शाळेतले मास्तर, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. भंगारवाल्याकडून, कोणाच्या माळ्यावरून जुने पंखे आणायचे, खोलायचे, पुसायचे आणि मग त्यांच्यावरून भांडायचं. आमच्या बायका याला आजार म्हणत, पण एप्रिल लागला की त्याच आजारासमोर येऊन बसत.

भांडणाचा विषय ठरलेला होता. आम्हा दोघांचा जीव एकाच कंपनीच्या पंख्यांवर, आणि ती कंपनी सत्तर सालानंतर केव्हातरी दुसऱ्या मालकाला विकली गेली होती. जुन्या मालकाच्या पंख्याला बिडाची बैठक, पितळी पाती. एका हाताने उचलायला गेलं की खांदा कुरकुरायचा. नव्या मालकाने बैठक पत्र्याची केली, पाती ॲल्युमिनियमची, आणि नावाची पितळी पट्टी जाऊन तिथे कागद चिकटवला. मी कट्टर जुन्या मालकाचा. मास्तर म्हणायचे, आतली मोटार तीच आहे, तू नुसती पट्टी वाचतोस.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात मास्तरांच्या मुलीला जाम या गावी शिक्षिकेची नोकरी लागली. तिथे ती एकटी खोली घेऊन राहणार होती, आणि तिला एक पंखा हवा होता. देण्यासारखे दोनच होते. एक जुन्या मालकाचा, मास्तरांच्या सगळ्या संग्रहाचा राजा; दुसरा नव्या मालकाचा. राजा त्यांना सोडवत नव्हता. पण परक्या गावात पंखा बंद पडला तर पोर तळमळेल, हेही त्यांना सोसणारं नव्हतं. मग त्यांनी तोडगा काढला. दोन्ही पंखे पंधरा दिवस माझ्या घरी दिवसभर चालवायचे. नवा टिकला तर नवा मुलीला, नाहीतर राजा.

मीच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू जुन्याच्या बाजूचा. तू नवा पास केला, तर मले शंकाच नाई राहणार."

चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्ही पंखे किरकिरायला लागले. बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि आधी अर्थातच जुन्याला तेल घातलं. कुपी तिथेच संपली. बाहेर ऊन असं की दुकानापर्यंत जायची इच्छा होईना. स्वयंपाकघरात जवसाचं तेल होतं. तेलासारखं तेल, म्हणून चार थेंब नव्याला घातले. यात माझ्या मनात काही पाप नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. जवसाचं तेल उष्णतेने डिंकासारखं घट्ट होतं, हे मला माहीत नव्हतं. पाप पुढे आलं.

दोन-तीन दिवसांत नवा पंखा कण्हत फिरू लागला, आणि खोलीत जवसाची चटणी वाढल्यासारखा वास सुटला. बायको म्हणाली, कोणता पंखा तळून राह्यले? तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: हे माझ्या तेलाचं काम. बाराव्या दिवशी तो थांबलाच. संध्याकाळी मास्तर आले, वाकून वास घेतला आणि हळहळले, "मोटारीची वायंडिंग जळाली गड्या. नव्या मालकानं तांब्यातबी काटकसर केली."

मी मान हलवली. बस, एवढंच केलं. पण त्या मान हलवण्यात मी जिंकल्याचा आनंद होता, आणि तो मला चांगला आठवतो.

राजा जामला गेला. मास्तरांनी तो स्वतः मांडीवर घेऊन एस.टी.ने पोचवला. बंद पडलेला पंखा मला देऊन म्हणाले, भंगारात घालजो. आठवड्याने मी तो खोलला. मोटार धडधाकट होती. आत नुसता तपकिरी चिकटा. रॉकेलने धुतला, मशीनचं तेल घातलं, तर इतका मुकाट्याने फिरला की बटण खरंच दाबलं का ते बघावं लागलं. मी त्याला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

दोन वर्षं मी गप्प बसलो. मास्तर मात्र गप्प नव्हते. वाद हरल्यावर माणसाने किती प्रामाणिकपणे हरावं, ते त्यांच्याकडून शिकावं. बाजारातल्या विजेच्या दुकानात आमच्यादेखत कोणी त्या कंपनीचा पंखा घ्यायला आला की ते त्याला परतवत आणि मला साक्षीला उभं करत. एकदा एका नवख्या कारकुनाला त्यांनी माझ्यासमोर सांगितलं की याच्या घरी बारा दिवसांत वायंडिंग जळली, विचार याले. तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला, आणि या वेळी मान हलेना.

दुसऱ्या दिवशी पंखा घेऊन मी मास्तरांकडे गेलो, चालू करून दाखवला आणि सगळं सांगितलं. जवसाच्या तेलाला ते हसले. मग विचारलं, तुला हे कधी कळलं होतं? मी खरं ते सांगितलं: पंखा थांबायच्या आधीच. मग ते हसले नाहीत.

त्याच रविवारी आम्ही दोघं तो पंखा घेऊन जामला गेलो. मुलीला मीच सांगायचं, ही त्यांची अट. सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि खिडकीत घुमणाऱ्या राजाकडे बघत वडिलांना म्हणाली, "बाबा, मले याच्याच आवाजात झोप येते. हा आता नाई भेटत तुमाले."

मास्तरांनी राजाच्या बैठकीवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि उठले.

फाट्यावर गाडीची वाट बघताना नव्या मालकाचा पंखा आम्हा दोघांच्या मध्ये बाकावर होता. मी म्हणालो, मास्तर, काहीतरी बोला, शिव्या तरी द्या.

"येत जाईन मी तुयाकडे," ते म्हणाले. "चहाबी पिईन. पण आता मले काई इचारायचं असलं, तर तुले नाई इचारणार."

आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं. पुढे किती तरी उन्हाळे ते माझ्याकडे येऊन बसले. पोरांचं, पावसाचं, कचेरीचं बोलले. एखादा जुना पंखा हाती लागला की मात्र तो पोत्यात घालून माझ्या दारावरून पुढे नेत, बाजारातल्या मेकॅनिककडे.