मागच्या दाराची खूण

मार्च महिन्याच्या अखेरीस रोगाच्या साथीमुळे विमाने थांबली आणि हॉर्ले गावावरचे आकाश गप्प झाले, तेव्हा गावातल्या पुष्कळ लोकांना प्रथम बरे वाटले. पक्षी ऐकू येऊ लागले, असे ते कुंपणावरून एकमेकांना सांगत. गेनर पेनफोल्ड हिला मात्र ती शांतता पहिल्याच सकाळी नकोशी झाली. तिचे घर विमानतळाच्या धावपट्टीपासून दोन मैलांवर होते. सकाळचे पहिले विमान गेले की उठायचे, ही तिची एकतीस वर्षांची सवय होती. आता ती विमानाची वाट पाहत अंथरुणात पडून राही आणि विमान येत नसे.

गेनर तेव्हा चोपन्न वर्षांची होती. तिची आई विमानतळाजवळच्या हॉटेलात चादरी धुण्याचे काम करी. तेविसाव्या वर्षी गेनर एका विमान कंपनीत प्रवाशांची सेविका म्हणून लागली, त्या दिवशी आईने तिचा गणवेश स्वतः इस्त्री केला होता. नंतर ती वरिष्ठ सेविका झाली. तिची जागा विमानाच्या मागच्या डाव्या दारापाशी असे.

तिच्या कामातला एक नियम येथे सांगणे आवश्यक आहे. विमान जमीन सोडत असताना सेविका आपल्या आसनावर ताठ बसतात, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरतात आणि अर्धे मिनिट मनातल्या मनात उजळणी करतात. आता आग लागली तर कोणते दार उघडायचे, धूर आला तर काय ओरडायचे, पाण्यात उतरलो तर काय करायचे. या मूक उजळणीमुळे गेनर कधी घाबरली नव्हती. उलट अर्धे मिनिट संकटाला दिले की उरलेला दिवस आपला, असे ती नव्या मुलींना सांगे.

त्या उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर तशीच बसू लागली. फरक इतकाच होता की ही उजळणी अर्ध्या मिनिटात संपत नसे.

तिचा नवरा क्लाइव्ह विमानतळाची टॅक्सी चालवी. टॅक्सी मार्चपासून दारात उभी होती आणि तो ती रोज धूत असे.

"एवढी चकचकीत तर आपल्या लग्नातली गाडीसुद्धा नव्हती," गेनर खिडकीतून म्हणाली.

"लग्नातली गाडी माझ्या मेव्हण्याची होती आणि तिला मासळीचा वास येत होता," क्लाइव्ह फडके पिळत म्हणाला. "हसू नकोस. एक गिऱ्हाईक तरी येऊ दे, त्याला आरशात बसवून नेतो."

जून महिन्यात कंपनीचे पत्र आले. ते लांबलचक होते, परंतु त्याचा अर्थ थोडक्यात सांगता येण्यासारखा होता. वरिष्ठ आणि कनिष्ठ हा भेद रद्द करून सर्व सेविका एकाच यादीत घातल्या जातील. यादीतील चाळीस जणींपैकी बावीस राहतील. ज्या राहतील त्यांचा पगार एक तृतीयांश कमी होईल. कोणी राहायचे हे गुणांवरून ठरेल. हजेरीचे गुण, कामाचे गुण आणि शिस्तीचे गुण. नोकरीच्या वर्षांना गुण नव्हते. प्रत्येकीला ठरलेल्या वेळी संगणकाच्या पडद्यावर वीस मिनिटांची भेट मिळेल, त्या वेळी नोंदीत काही दुरुस्ती असल्यास सांगावी.

गेनरने ते पत्र तीनदा वाचले. तिची हजेरी चांगली होती, कामही चांगले होते आणि शिस्तीच्या रकान्यात काही नव्हते. तरीही "शिस्त" हा शब्द आला की ती परत पहिल्या ओळीवर जाई.

पुढच्या बुधवारी टेगन ट्रिग तिला भेटायला आली. टेगन एकोणतीस वर्षांची होती. मागच्या उजव्या दाराशी, म्हणजे गेनरच्या समोर, तिने चार वर्षे काम केले होते. रोगाच्या भीतीने दोघी समोरच्या बागेत दोन मीटर अंतर ठेवून बसल्या. टेगनने आपला कपही घरूनच आणला होता.

"काय राणीसाहेब, केस कोणी कापले? क्लाइव्हने?"

"स्वयंपाकघरातल्या कात्रीने. मागून बघू नकोस."

"बघितलं. पुढूनसुद्धा दिसतंय." टेगन हसली, मग तिचे हसू एकाएकी थांबले. "गेनर, माझे गुण आले. ज्या रेषेवर नोकरी राहते तिच्या चार खाली आहे मी. त्या घसरगुंडीचे दहा कापलेत."

गेनरने कप खाली ठेवला.

घसरगुंडीची हकीकत अशी होती. विमानाच्या प्रत्येक दारात एक मोठी रबरी घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. दाराचा खटका खाली असेल तर दार उघडताच ती क्षणात फुगून बाहेर पडते. संकटात ती जीव वाचवते, एरवी ती समोरच्या माणसाला उडवून देते. म्हणून विमान उतरले की प्रत्येक सेविका आपल्या दाराचा खटका वर घेते, नंतर समोरच्या दाराचा खटका स्वतःच्या डोळ्यांनी पाहते आणि अंगठा दाखवते. एकीने चूक केली तर दुसरीने पकडावी, एवढ्यासाठीच ही खूण आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, मालागाच्या विमानतळावर उतरल्यावर, एक म्हातारे गृहस्थ गेनरच्या पायाशी पिशवी सांडून बसले. सगळीकडे संत्री घरंगळली. गेनर वाकून संत्री गोळा करीत होती आणि त्याच अवस्थेत तिने मान न वळवता अंगठा वर केला. थोड्या वेळाने बाहेरून जेवण चढवणाऱ्या माणसाने दार ठोठावले. टेगनने दार उघडले आणि तोफेसारखा आवाज झाला. तो माणूस पायऱ्यांवरून मागे पडला. त्याचे मनगट मोडले. जीव वाचला ही देवाची कृपा.

चौकशीच्या कागदावर गेनरने लिहिले: "मी समोरचा खटका पाहिला. तो वर होता."

त्या एका वाक्यामुळे निकाल असा लागला की टेगनने खटका वर घेतला होता आणि नंतर निष्काळजीपणाने पुन्हा खाली केला. टेगनला लेखी ताकीद मिळाली. गेनरला काहीच झाले नाही.

"तू एक पत्र देशील का?" टेगन विचारत होती. "माझं बाकीचं काम चांगलं होतं एवढंच लिही. तुझं ऐकतील. गेल्या वर्षीच फ्लॅट घेतलाय गं मी. बँकवाले थांबणार नाहीत."

"देते," गेनर म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मला अजून कळत नाही, मी तो खटका परत खाली का केला. आठवतच नाही. तू पाहिला होतास म्हणून बरं, नाहीतर मी शपथेवर सांगितलं असतं की माझ्याकडून तो वर घ्यायचाच राहिला." टेगनने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले. "आता घराचं कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघते. या हाताचा भरवसाच वाटत नाही."

ती गेल्यावर गेनर बागेतच बसून राहिली. क्लाइव्हने येऊन विचारले तेव्हा तिने त्याला सर्व सांगितले. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत ही एक गोष्ट तिने त्याच्यापासून लपवली होती.

क्लाइव्हने हातातले फडके खुर्चीच्या पाठीवर टाकले.

"गप्प राहा," तो म्हणाला. "चांगलं पत्र लिहून दे पोरीला आणि गप्प राहा. दोन वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय?"

"ती स्वतःच्या हाताला घाबरते, क्लाइव्ह."

"आणि मी कशाला घाबरतो ते विचार ना! ती गाडी बघ. तुझा पगार गेला तर या घरात काय येणार आहे? तू खोटं लिहिलंस हे कळलं तर तुला नुसतं काढणार नाहीत. जाताना जे देतात तेसुद्धा देणार नाहीत. या वयात तुला कोण ठेवून घेणार?"

तो चुकीचे बोलत नव्हता, आणि हेच भयंकर होते. गेनरने पत्र लिहायला घेतले. "टेगन ट्रिग ही अत्यंत जबाबदार सहकारी आहे" येथपर्यंत ती आली. पुढचे वाक्य सुचेना. चार दिवसांत तिने तो कागद पाच वेळा फाडला. आपण नोकरीला घाबरतो, की क्लाइव्हला, की त्या मुलीच्या चेहऱ्याला, हे तिला नीट सांगता येत नव्हते. दुकानासमोरच्या रांगेत मागून कोणी खोकले की लोक दचकत. गेनर दचकत नसे. तिची भीती दुसरीकडे गुंतली होती.

तिची भेट जुलैच्या दहा तारखेला सकाळी अकरा चाळीसला होती. तिने गणवेशाचा कोट घातला, गळ्यात रुमाल बांधला. पायात घरातल्या सपाता होत्या. क्लाइव्ह बाहेर गाडीपाशी थांबला, पण त्या दिवशी त्याने ती धुतली नाही.

पडद्यावर एक तरुण बाई आल्या. गेनरने त्यांना पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्या समोरच्या कागदावरून वाचत होत्या.

"तुमचे गुण रेषेच्या सहा वर आहेत, मिसेस पेनफोल्ड. तुमची जागा राहते आहे. पगाराची नवी अट तुम्ही वाचली असेलच. नोंदीत काही दुरुस्ती आहे का तुमच्याकडून?"

गेनरने दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले. आता बोलले तर काय होईल, याची उजळणी तिला पाठ होती. घर, गाडी, क्लाइव्ह, आईने इस्त्री केलेला पहिला गणवेश. मग तिने दुसरी उजळणी केली, जी तिने आजवर टाळली होती. आता बोलले नाही तर काय होईल? एक मुलगी म्हातारी होईपर्यंत कुलूप ओढून पाहत राहील.

"मिसेस पेनफोल्ड? आवाज येतोय का माझा?"

"येतोय," गेनर म्हणाली. "एक दुरुस्ती आहे. माझ्या नोंदीत नाही, टेगन ट्रिगच्या. मालागाच्या वेळी मी समोरचा खटका पाहिला नव्हता. पाहिला असं लिहिलं, ते खोटं होतं. तो खालीच राहिला होता आणि तो पकडायचं काम माझं होतं."

त्या बाईंनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

"तुम्ही काय बोलताय ते तुमच्या लक्षात आहे ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"हो. दोन वर्षं लक्षात आहे."

त्यानंतर तिने टेगनला फोन केला, कारण हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळणे योग्य नव्हते. टेगनने सर्व ऐकून घेतले.

"म्हणजे मी परत खाली केला नव्हता," ती म्हणाली.

"नाही. घ्यायचा राहिला होता. एवढीच तुझी चूक. बाकीची माझी."

"आणि तू मला दोन वर्षं बघत होतीस." फोन बंद झाला.

क्लाइव्ह तीन दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलला. चौथ्या दिवशी त्याने तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "मूर्ख आहेस तू." मग तो तिच्या शेजारी बसला. बोलणे तेवढेच झाले, परंतु तो उठून गेला नाही.

निकालाचे पत्र ऑगस्टमध्ये आले. गेनरला काढले होते. एकतीस वर्षांचा विचार करून जाताना द्यायची रक्कम अर्धी ठेवली होती. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी गणवेश जमा करायचा होता.

विमानतळामागच्या गोदामाबाहेर रांग होती. सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या, हातात पिशव्या. पलीकडे विमाने ओळीने उभी होती आणि त्यांच्या इंजिनांवर लाल आवरणे बांधलेली होती. गेनर दारापर्यंत पोहोचली, तेव्हा आतल्या टेबलामागे कोण बसले आहे हे तिला दिसले. उड्डाणे थोडीच असल्यामुळे राहिलेल्या सेविकांना असली कामे दिली होती. टेबलामागे टेगन होती.

मागे वळून जावे, असे गेनरला क्षणभर वाटले. तिने पिशवी टेबलावर ठेवली.

इतरांच्या पिशव्या टेगन वरवर चाचपून बाजूला ठेवत होती. ही पिशवी तिने उघडली. कोट बाहेर काढला, त्याच्या दोन्ही बाह्यांची बटणे पाहिली. रुमाल उलगडून पाहिला. छातीवरचे पंखांचे चिन्ह हातात घेऊन मागची टाचणीसुद्धा पाहिली. उजव्या हाताने, सावकाश, एकेक वस्तू. त्या हाताला घाई नव्हती आणि कापही नव्हता. मागच्या रांगेत कोणीतरी वैतागून सुस्कारा सोडला. टेगनने तिकडे लक्ष दिले नाही.

सर्व संपल्यावर तिने मान वर केली. मुखपट्टीच्या वर दिसणारे तिचे डोळे रागावलेले होते, आणि ओलेही होते.

"पाहिलं," ती म्हणाली.

गेनरने मान डोलावली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. क्लाइव्हने तिच्यासाठी गाडीचे मागचे दार उघडून धरले होते.