कापड झोपलंय

घरातली माझी लोकर कमी व्हायला लागली, तेव्हा पहिला संशय मी उंदरावर घेतला. बिचारा उंदीर! दोन दिवस पिंजरा लावून बसले. तिसऱ्या दिवशी आकाशी लोकरीचं टोक नीट बघितलं, तर ते कात्रीने सरळ कापलेलं. उंदीर कात्री चालवत नाही एवढी अक्कल मला आहे. घरात माणसं दोन, त्यातली एक मी.

दुसरे आमचे हे. कारखान्यात त्यांना झुळूककाका म्हणतात, कारण ते कधी आले आणि कधी गेले याचा कुणाला पत्ता लागत नाही. मी नेमकी उलटी. मी आले की गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. माझा राग नाकावर आणि त्यांचा कुठे असतो ते देव जाणे. पस्तीस वर्षांत मला सापडला नाही.

त्यांचं काम सांगते, कारण ते पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत ओटा, पलंग, न्हाणी, सगळं. मोठ्या गाडीच्या एका बाजूने तर टेबलाचा खण ओढावा तशी अख्खी खोली बाहेर सरकते. गाडी थांबली की बटण दाबायचं, खोली बाहेर. निघताना पुन्हा आत. त्या खोलीच्या डोक्यावर पाणी-पाचोळा पडू नये म्हणून जाड कापड असतं. खोली बाहेर आली की ते उलगडतं, आत गेली की स्प्रिंगच्या रुळावर गुंडाळून बसतं. उभ्या गाडीत सगळं ठीक. पण गाडी भरधाव निघाली आणि आडवा वारा सुटला, की तो त्या गुंडाळीत बोट घालतो. मग स्प्रिंग हरते, कापड सुटतं, फुगतं, टराटरा फाटतं. रूळ वाकला तर खोलीही अडकून बसते, आणि हौसेने निघालेली माणसं रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून उभी राहतात.

तसं होऊ नये म्हणून आमचे हे तीस वर्षं झटतायत. रुळाच्या दोन्ही टोकांना जाड पट्टे आणि बकलं, पुढच्या अंगाला वारा वर ढकलणारी रबरी पट्टी. सुरुवातीला एक मोठी फजिती व्हायची. लोक पट्टा बांधायचे, मुक्कामाला पोचून तो सोडायला विसरायचे आणि बटण दाबायचे. मोटर खोली बाहेर ढकलते, पट्टा कापड सोडत नाही. झालं, वाऱ्यापासून वाचलेलं कापड मालकानेच फाडलं! तेव्हा यांनी पट्ट्यावर बकलाखाली एक छोटा खिसा शिवायला सुरुवात केली. खोलीच्या बटणाची किल्ली त्या खिशात. खोली उघडायची तर किल्ली हवी, आणि किल्ली हवी तर आधी बकल सोडायला हवं. डोकं आहे हो माणसाला, मी नाही म्हणत नाही.

शिवून झालं की गाडी रस्त्यावर घ्यायची, हा यांचा नेम. कारखान्यापासून पूल, पुलापलीकडे गवताचा सपाट माळ, मैल न् मैल झाडाचं नाव नाही. वारा तिथे मोकाट. दुसरं कुणी गाडी चालवायचं आणि हे आत सरकवलेल्या त्या खोलीत, बरोबर कापडाखाली, भिंतीला कान लावून डोळे मिटून बसायचे. जाऊन-येऊन तासभर. उतरले की दोनच शब्द बोलायचे, "कापड झोपलंय." ते शब्द ऐकल्याशिवाय कुणी गाडी ताब्यात घेत नसे. झोपलं नसेल तर पुन्हा शिडी, पुन्हा सुई. मला वाटायचं, कापडाचं सोडा, हेच तिथे तासभर ताणून देत असतील.

गेल्या थंडीत मात्र विपरीत घडलं. यांनी "झोपलंय" म्हणून पाठवलेल्या एका गाडीचं कापड दुसऱ्याच दिवशी फाटलं. आत दोन लहान पोरं होती, रडून रडून आकांत. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. मालकीण म्हणजे जुन्या मालकांची लेक, यांच्या मांडीवर खेळलेली. ती रागावली नाही, पण म्हणाली, "काका, पुन्हा असं झालं तर तुम्ही फक्त शिवा. चाचणीला मी दुसरं माणूस बघेन." हे घरी आले आणि ताट पुढे घेऊन नुसते बसून राहिले. तो माळावरचा तासभर काढून घेतला तर या माणसात काय उरणार, हे मलाही कळत होतं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, हे गाडीत बसेनासे झाले. दुसऱ्या गाडीतून मागून बघायला लागले. म्हणे, नवी पद्धत. आणि दुसरी, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणजे मी बोलायची आणि हे वळूनही बघायचे नाहीत. मी मागून विचारावं, "चहा टाकू का?" उत्तर नाही. "नळ गळतोय, बघता का?" पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या तोंडाचा पट्टा सुटायला एवढं पुरतं. वाट्टेल ते बोलले मी त्या पाठीला. पाठ शांत.

त्यात ही लोकर. आकाशी लोकर मी भाचीच्या बाळासाठी आणली होती, फार मऊ. ती अर्धी झालेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. आज चोर मुद्देमालासकट पकडायचाच, असं ठरवून भर सकाळी मी कारखान्यात गेले.

आवारात एक पांढरी गाडी उभी होती, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई गाडी घेऊन डोंगरापलीकडच्या गावागावांतून फिरतात. त्या सरकत्या खोलीतच त्यांची दात बघायची खुर्ची. सामान भरलेलं होतं. माळावर चाचणी झाली की तिथूनच पुढे जायचं, असा त्यांचा बेत होता. आमचे हे शिडीवर चढलेले, माझ्याकडे पाठ. आणि त्या गुंडाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर अंतरावर, चिकटपट्टीने लावलेली माझी लोकर! लाल, पिवळी, शेवाळी, आणि मधोमध आकाशी. वाऱ्यावर मजेत हलत होती.

"अहो!" मी ओरडले. "ती बाळाच्या टोपीची लोकर आहे!"

आवारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. डॉक्टरीणबाई गाडीच्या दारातून डोकावल्या. मालकीण कचेरीतून बाहेर आली. पत्रे कापणाऱ्याने यंत्र बंद केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. सगळे, फक्त एक सोडून. हे माझ्यापासून दहा पावलांवर, शिडीवर, एक पिवळा धागा बोटाने सरळ करत होते, आणि त्यांची पाठ जराही हलली नाही.

हा रुसवा नव्हता. रुसलेला माणूससुद्धा दचकतो.

एका क्षणात गेली थंडी सगळी उलगडली. चहा, नळ, सगळं. आणि ते फाटलेलं कापडही. हे त्या गाडीत भिंतीला कान लावून बसले असतील, आणि काहीच ऐकू आलं नसेल. फडफड ऐकू येत नाही म्हणजे कापड झोपलंय, हा तर तीस वर्षांचा हिशेब. ज्याला काहीच ऐकू येत नाही, त्याला सगळी दुनिया झोपलेलीच वाटणार. म्हणून आता ही लोकर: वारा गुंडाळीत शिरला की धागा वर उठणार, आणि मागच्या गाडीतून ते डोळ्यांना दिसणार.

"काकू, काय झालं?" मालकीण जवळ आली. "काका बोलत का नाहीत?"

"रुसलेत," मी म्हणाले. खोटं बोलायला मला एवढा कमी वेळ कधीच लागला नव्हता. "चार दिवस झाले. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. आणि हे बघ, लोकर माझी आहे. तिच्याबरोबर मी जाणार."

मालकीण हसली. मागच्या छोट्या गाडीत पुढे दोनच जागा. तिथे ती आणि हे. मी डॉक्टरीणबाईंच्या गाडीत, मागे, सरकत्या खोलीत. निघताना मी यांच्या समोरून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लोकरीकडे, आणि शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली. मी काही बोलले नाही. नवल आहे, पण नाही बोलले.

पूल ओलांडला आणि माळ लागला. मी यांच्या जागेवर बसले होते, त्या दातांच्या खुर्चीशेजारच्या बाकावर. यांच्यासारखाच भिंतीला कान लावला, डोळे मिटले. आधी नुसती घरघर. मग घरघर मागे गेली आणि वारा पुढे आला. काय सांगू तुम्हाला! डोक्यावर कुणीतरी मोठं, सावकाश श्वास घेत होतं. गाडी वळली की श्वास या कुशीवरून त्या कुशीवर. गवत दोन्ही बाजूंनी सळसळत होतं की ते कापड होतं, कळेना. मी कुठे आहे, कुठे चाललेय, घरी दुधाचं भांडं झाकलं का, सगळं पुसट झालं. बसल्या जागी तरंगत होते मी. तीस वर्षं मी या माणसाला झोपाळू म्हटलं, आणि तो इथे बसून हे ऐकत होता. आणि हे ऐकणंच त्याचं गेलं होतं, आणि त्याने मला सांगितलंही नाही. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्या श्वासात काहीतरी खुपलं. टक्. टक् टक्. मागच्या टोकाला. मी खिडकीतून मान काढून वर बघितलं. माझे धागे सगळे गुण्यागोविंदाने मागे निजलेले, एकही वर उठलेला नाही. पण कान लावला की पुन्हा टक् टक्. आधीपेक्षा जोरात.

माळाच्या टोकाला, जिथे रस्ता डोंगराकडे वळतो, तिथे दोन्ही गाड्या थांबल्या. हे उतरले. धाग्यांवर शांतपणे नजर फिरवली. चेहरा खुललेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निघू मी? सहाला पोचायचंय." मालकीण यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कापड झोपलंय," हे म्हणाले.

आता काय करावं? बोलले तर यांचं पितळ मालकिणीसमोर उघडं पडणार, तो तासभर कायमचा गेला. नाही बोलले तर बाई त्या डोंगरात एकट्या, आणि डोक्यावर ते टक् टक्. माझ्यासारख्या बाईला शब्द सुचेना! डॉक्टरीणबाईंनी दाराला हात घातला, तशी मी पुढे झाले, यांचा हात हातात घेतला, आणि तळव्यावर बोटाने वाजवलं. टक्. टक् टक्. मग गाडीच्या मागच्या टोकाकडे बोट केलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मला कळलंय, हे त्यांना कळलं. डोळे भरून आले त्यांचे, पण पाय लगेच मागच्या गाडीतल्या शिडीकडे वळले. ते वर चढले आणि पट्टा बोटांनी चाचपत गेले. तो किल्लीचा खिसा! या वेळी घाईत त्याचं तोंड पुढच्या बाजूला शिवलं गेलं होतं. वारा त्यात भरत होता, किल्ली बकलावर आपटत होती, आणि एवढ्याशा अंतरात पट्टा दोन बोटं सरकला होता. डोंगरात तो पुरता सुटला असता. वारा धाग्याला दिसतो, पण खिशातली किल्ली धाग्याला कशी दिसावी?

तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी खिसा उसवला आणि तोंड मागे करून पुन्हा शिवला.

"काकांचं लक्ष म्हणजे लक्ष हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे शिडीवरून उतरले. बाईंच्या ओठांकडे बघत होते ते.

"माझं नाही," ते म्हणाले. "हिने ऐकलं. मला थंडीपासून ऐकू येत नाही." मग मालकिणीकडे वळून, "त्या पोरांची गाडी माझ्यामुळे फाटली. तेव्हाच सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

मालकीण त्यांच्या अगदी समोर गेली, आणि सावकाश म्हणाली, "काका, आधी कानांच्या डॉक्टरकडे जायचं. उद्याच. मी नेते." आणि मला म्हणाली, "काकू, तोवर भिंतीला कान तुम्ही लावाल?"

"लावेन की," मी म्हणाले. "पण लोकर कारखान्याने आणायची. बाळाची टोपी राहिलीय माझी."

पांढरी गाडी वळणाआड गेली. शेवटपर्यंत आकाशी धागा दिसत होता.

घरी आलो. दुपार कलली होती. मी ओट्याशी, हे माझ्यासमोर स्टुलावर. म्हणाले, "थंडीपासून तू बरंच काही बोलली असशील. मी ऐकलंच नाही. काय काय म्हणालीस?"

मी म्हणाले, "काही विशेष नाही. नळ गळतोय. भाजी महागली."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "आणि 'तुमच्यापेक्षा भिंतीशी संसार केला असता तर बरं'? ते नाही सांगितलंस."

"ते कसं कळलं हो तुम्हाला?"

"आरशात तुझे ओठ दिसले."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर कान गेल्याचं सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "त्यापेक्षा भिंत म्हणवून घेतलेलं सोपं वाटलं."

मी ढसाढसा रडले. मग चहा टाकला.

त्या दिवसापासून मी त्यांच्या पाठीमागे एक शब्द बोलत नाही. काही सांगायचं असलं की समोर जाते, खिडकीच्या उजेडात तोंड धरते, आणि मग बोलते. शिव्यासुद्धा.