कंडक्टर बाजूचा एक्सल

गाडी माझी आहे. हे आधी सांगते, कारण त्या आठवड्यात सगळे तेच विसरले होते. सातपूरची आमची कंपनी बंद पडली तेव्हा हातात जे आलं, त्यातून मी ती घेतली. तेव्हाही ती जुनीच होती. कागदावर नाव माझं, लायसनही माझं. नवऱ्याचे, म्हणजे आमच्या म्हाताऱ्याचे, हात थरथरायला लागले आणि त्याने चालवणं सोडलं, तेव्हा मी शिकले. माझी शाळा चौथीपर्यंत. पण वळायचं कुठे आणि थांबायचं कुठे, हे कुणी मला पुस्तकातून सांगितलं नाही आणि माझं अडलंही नाही.

माझी धाकटी बहीण येवल्याकडच्या एका खेड्यात अंथरुणाला खिळून आहे. एसटी येवल्यापर्यंत सोडते, पुढे जे मिळेल ते. तिची सून चांगली आहे, पण डोकं धुवायचं म्हटलं की बहिणीला मीच लागते. मी सकाळी जाते, तिचे केस धुते, विंचरते, बसते, आणि उजेड असेपर्यंत परत येते. मुलगा म्हणतो, मी नेईन. नेतो तो, सुट्टी मिळाली की. मग ओसरीवर मोबाइल घेऊन बसतो आणि बहिणीचे केस वाळायच्या आत विचारतो, "आई, निघायचं का?" अशा जाण्याला मी जाणं म्हणत नाही.

तर गाडी वाजायला लागली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकातून कट-कट-कट. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, पण त्याने वाकून बघितलं. डावीकडच्या, म्हणजे गॅरेजवाले ज्याला कंडक्टर बाजू म्हणतात त्या चाकाच्या आतला रबरी बूट, एक्सलवरचं आवरण, फाटला होता आणि सगळं ग्रीस बाहेर उडालं होतं. "एक्सल गेला," तो म्हणाला. "तू वळताना रेस देतेस म्हणून."

"रबर म्हातारं झालं म्हणून," मी म्हटलं. "रबरालाही वय असतं. सगळं माझ्यावर ढकलू नका."

आमचा नेहमीचा गॅरेजवाला गाडीकडे बघायलाच तयार नव्हता.

"नाही होणार आजी."

"का? तुला एक्सल बदलता येत नाही?"

"येतो की. पण दादांचा फोन आला होता. म्हणाले, आईची गाडी आली तर हात लावू नका. भंगारात द्यायचीय."

दादा म्हणजे माझा मुलगा. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, ऑफिसात साहेब आहे. गाडी वाजतेय हे त्याला बापाकडून कळलं, पण मला एका शब्दाने विचारलं नाही आणि गॅरेजवाल्याला फोन केला. मी घरी आले आणि त्याला फोन लावला, तर म्हणाला, "रविवारी संध्याकाळी येतोय. जुन्या गाड्या घेणारा एक जण घेऊन येतो. बिघडलेली गाडी तू कशाला ठेवतेस? मोबाइलवरून गाडी मागवत जा, मी शिकवतो."

मी म्हटलं, ये. फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन एक्सल आणला. दुकानदाराने विचारलं, बसवणार कोण? मी म्हटलं, मी. तो माझ्या मागे कोणी उभं आहे का ते बघायला लागला.

गाडी बिघडलेली आहे, हेच त्याचं म्हणणं होतं ना? मग रविवारी संध्याकाळी ती बिघडलेली नसली पाहिजे, एवढंच मला करायचं होतं.

रविवारी सकाळी घरासमोरच कामाला लागलो. हात माझे, सांगणं म्हाताऱ्याचं. तो ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासनीस होता. तिथला नियम असा, की ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. हा नियम त्याने जन्मभर घरातही चालवून बघितला. लग्नानंतर माझी भाकरी तपासायला लागला होता. एक दिवस तवाच त्याच्या हातात दिला, तेव्हा थांबला. आणि मीही काही नुसती भाकऱ्या थापणारी नव्हते. सातपूरला पंख्याच्या मोटारी जुळवण्यात माझं आयुष्य गेलं. नट कधी ऐकतो आणि कधी नाही, ते मला कळतं.

शेजारचा पेन्शनर मास्तर खुर्ची घेऊनच आला. "जयभीम मावशी. आज काय खोललंय?"

"गाडी. तुला काही खोलता येतं का?"

"पेपर येतो."

"मग तो खोल आणि गप बस."

चाकाच्या मधला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा असतो. गाडी उचलली की चाक नुसतं फिरत राहतं. म्हातारा आत बसून ब्रेक दाबून राहिला. हात थरथरतात, पाय नाही. मी पान्यावर लांब पाइप घातला आणि पाइपवर उभी राहिले.

"पडाल मावशी," मास्तर म्हणाला.

"पडले तर उचल."

नट हलेना. मी गाडीच्या टपाला धरून त्या पाइपवर वर-खाली झाले, तेव्हा कुठे तो दाढ निघावी तसा करकरत सुटला. मग जॅक लावला, खाली आधाराला लोखंडी घोडी ठेवली, चाक काढलं. गिअरचं तेल जुन्या पातेल्यात सोडलं. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट गंजला होता, त्याने अर्धी सकाळ खाल्ली. तो निघाला तसं चाक ज्यावर बसतं ते हब बाहेर ओढलं, एक्सलचं बाहेरचं टोक मोकळं केलं, आणि आतलं टोक पहारीने गिअरबॉक्समधून उचकटलं. म्हाताऱ्याची जुनी पँट मी घातली होती. ती मांडीपर्यंत काळी झाली. जुना आणि नवा एक्सल शेजारी ठेवून त्याने लांबी बघितली, दाते बघितले, आणि मान हलवली.

नवा मी आत ढकलला. नट आवळला, बॉल जॉइंट जागेवर घेतला, बोल्ट आवळला. उन्हं डोक्यावर आली होती. चाक उचलायला वाकले तर म्हातारा म्हणाला, "आत बसला?"

"बसला."

"खट् आवाज आला?"

"तुम्हाला कुठे ऐकू येतो आवाज?"

"म्हणून तर तुला विचारतोय."

काहीतरी वाजलं होतं. "आला," मी म्हटलं.

"ओढून दाखव."

"आता? सगळं आवळून झालंय."

"सोड परत."

माझं डोकं फिरलं. "तो संध्याकाळी येतोय. तुम्ही माझ्या बाजूने आहात का त्याच्या?"

"मी एक्सलच्या बाजूने आहे," तो म्हणाला. "आतली कडी अडकली नसेल तर येवल्याच्या रस्त्यात बाहेर येईल. मग तो म्हणतो ते खरं होईल. तुला तेच करायचं असेल तर लाव चाक."

मास्तर पेपरच्या आड गेला. मी चाक टाकून दिलं, घरात गेले, पाणी प्यायले. मी रागावले की मला जेवण नको होतं, तसंच झालं. मग बाहेर आले आणि सगळं परत सोडलं. आतल्या टोकाला धरून ओढलं, तर एक्सल सुरी म्यानातून यावी तसा अलगद माझ्या हातात आला, आणि उरलंसुरलं तेल पँटवर.

टोकाला एक बारीक तारेची कडी असते, ती खाली लोंबत होती. तिचं तोंड वर करून घेतलं, तिला ग्रीसने चिकटवलं, एक्सल सरळ धरला आणि पोटापासून जोर लावून ढकलला. खट्.

"मला इथपर्यंत आला," मास्तर खुर्चीतून म्हणाला.

म्हाताऱ्याने स्वतः वाकून, थरथरत्या दोन्ही हातांनी ओढून बघितला. हलला नाही. "लाव," म्हणाला. बाकीचं लावायला मग वेळ लागला नाही. नवीन तेल घातलं, चाक चढवलं, गाडी खाली घेऊन मोठा नट परत पाइपवर उभं राहून आवळला, तो सुटू नये म्हणून पिन वाकवली.

मुलगा आला तेव्हा मी हात रॉकेलने पुसत होते. त्याच्याबरोबर एक पोट सुटलेला माणूस होता, तो जुन्या गाड्या घेणारा.

"ए आई, हे काय? कोणी केलं?"

"मी."

"बाबा, तुम्ही हिला करू दिलं?"

"मी कोण करू देणारा?" म्हातारा म्हणाला, आणि चहा ठेवायला आत गेला.

मी मुलाला गाडीत बसवलं. कॉलनीच्या मागच्या मैदानात नेलं आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून गोल फिरवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. इंजिनाशिवाय काहीही वाजत नव्हतं. तो दारावरचं हँडल धरून बसला होता.

"एक्सलचा प्रश्न नव्हता आई," शेवटी म्हणाला.

"मग एक्सलवरून फोन का केलास?"

"सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तुझं वय बघ. त्या रस्त्याला ट्रक बघ. तू येवल्याला गेलीस की ऑफिसात माझं लक्ष लागत नाही."

"तू पहिली मोटरसायकल घेतलीस तेव्हा माझं लागत होतं? तुझी गाडी दुरुस्त करू नका म्हणून मी कुणाला फोन केला होता?"

मी गाडी थांबवली नाही, फिरवतच राहिले.

"हे बघ," मी म्हटलं. "मला दिसेनासं झालं, पाय चालेनासा झाला, की मी बंद करीन. ते मला तुझ्याआधी कळेल, कारण पाय माझा आहे. तुला काळजी वाटते, तर मला बोल. भांड माझ्याशी. पण माझ्या पाठीमागे माझी गाडी बंद पाडायची नाही."

घरापाशी आलो तर तो घेणारा माणूस म्हाताऱ्याचा चहा पीत उभा होता. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मावशी, चांगली ठेवलीय. थोडे वाढवून देतो."

"चहा संपवा आणि या," मी म्हटलं.

तो गेल्यावर मुलाला मी दारातच अडवलं. "आता गॅरेजवाल्याला फोन लाव. सांग, आईची गाडी आली की करून द्यायची."

"उद्या सांगतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लावला. पाठ करून बोलत होता, तर मी फिरून पुढे जाऊन उभी राहिले. "हो, आईची गाडी... हो. आली तर करून द्या. नाही, मला विचारू नका. तिलाच विचारा." चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता. मला वाईट वाटलं नाही.

तो जेवायला थांबला नाही. पुढचे काही रविवार आलाही नाही. फोन करतो तो बापाला, आणि माझी चौकशी बापाकडे करतो. करू दे. मी त्याच आठवड्यात बहिणीकडे जाऊन तिचं डोकं धुऊन आले. उजवीकडच्या चाकाच्या बुटालाही चिरा पडल्यात. तो एक्सल मी गॅरेजवाल्याकडूनच बसवून घेणार आहे, समोर स्टूल टाकून.