डोळे मिटून नाकाला बोट

सहा वर्षांची झाले तरी मला पोलक्याचे बंद बांधता येत नव्हते. सपाट अंगणातही मी पडायची, हातातला तांब्या सुटायचा. ‘पोरीला बाहेरचं लागलंय, डाग द्या,’ असं शेजारणी म्हणू लागल्या. डाग म्हणजे तापलेला विळा पोटावर टेकवायचा. आई घाबरली आणि मला आगगाडीने चिंचपाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे शेगडीवर सुया उकळत होत्या. मला वाटलं, डाग इथेच देणार.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. माझं बोट गालावर गेलं. एका पायावर उभी राहिले आणि कोसळले. प्रत्येक चुकीला माझी नजर शेगडीकडे जायची.

“मन्ही पोर येडी शे का, बाई?” आईने विचारलं.

“नाही. डोकं चांगलं आहे. हातापायांचा मेळ बसत नाही, एवढंच. रोज मणी ओवायला द्या. हळूहळू सुधारेल.”

घरी आल्यावर आईने दाराला कडी लावली आणि परातीत मणी ओतले. बाहेरून शेजारणी डाग द्यायला हाका मारत होत्या. आईने दोरा माझ्या हातात दिला, पण दार उघडलं नाही.