उपग्रह पाहुण्यांसाठी थांबत नाही

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा आमचे हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगाशी बोलायचे. त्यातूनही थोडा वेळ उरला तर माझ्याशी, तोही एरियलच्या लांबीबद्दल. सरकारी परवाना काढून घरात वायरलेस चालवणाऱ्या माणसाला ‘हॅम’ म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर माझ्या वडिलांनी चौकशी जरा वाढवली असती.

आमच्या ओळखीत असे परवानेवाले दोनच. दुसरे होते सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले हवालदार, मूळचे टेंभुर्णीकडचे. टिंब-रेघांच्या मोर्स लिपीचं कट्ट-कड त्यांना मातृभाषेसारखं यायचं. कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की ते लढाईवर जाऊन पोचायचे, मग विषय भेंडीच्या भाजीचा का असेना. पण दोन माणसांचा क्लब होत नाही, निदान अध्यक्ष नेमायचा असेल तर नाहीच. म्हणून एक वकील आले. त्यांना रेडिओतलं काहीच कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या अध्यक्षपदाला कुणाचा विरोध झाला नाही. चौथे एक चादर कारखानदार. ते परवान्यासाठीच्या मोर्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते, पण बैठकीची जागा आणि भजी त्यांची असायची.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. परदेशातल्या हौशी मंडळींनी स्वतःच्या हातांनी एक उपग्रह बनवला आणि दुसऱ्याच कामासाठी निघालेल्या मोठ्या रॉकेटवर, एसटीच्या टपावर ट्रंक टाकावी तसा, तो वर पाठवून दिला. जगातला कुठलाही परवानेवाला त्याच्यामार्फत बोलू शकत होता. ही बातमी आली आणि आमचे हे जेवतानासुद्धा आढ्याकडे बघायला लागले.

वकिलांनी लगेच ठराव मांडला की सोलापूरचाही स्वतःचा उपग्रह असावा.

हे म्हणाले, “आधी त्यांचा ऐकू तरी या.”

“ऐकणं काय, कुणीही ऐकेल,” वकील म्हणाले.

ठराव मंजूर झाला. पुढच्या बैठका नावावर गेल्या. ग्रामदैवताचं नाव द्यावं असं कारखानदारांचं म्हणणं होतं, आणि स्वतःच्या दिवंगत वडिलांचं द्यावं असं वकिलांचं. तेवढ्यात कारखानदारांनी ओळखीच्या भांडीवाल्याकडून अॅल्युमिनियमची एक चकचकीत पेटी घडवून आणली. झाकणाला पितळी कडी होती.

“कडी कशाला?” ह्यांनी विचारलं.

“उघडायला नको?”

“वर जाऊन कोण उघडणार?”

कारखानदारांनी कडी एकदा उघडून, लावून बघितली. पेटीत काय घालायचं हा प्रश्न उपसमितीकडे सोपवण्यात आला. उपसमिती म्हणजे आमचे हे.

हे बिचारे खरंच बसले. नकाशावर पारदर्शक कागद फिरवून परदेशी उपग्रह आपल्यावरून कधी जाईल ते काढत, गच्चीवर माझ्या वाळवणाच्या डोक्यावर तार ताणत, आणि फौजेतून मोडीत निघालेला रिसीव्हर पुसत. एक दिवस म्हणाले, येत्या रविवारी सकाळी तो ऐन डोक्यावरून जातोय, वीसेक मिनिटं ऐकू येईल. वकिलांनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी पत्रिका छापायला टाकल्या. मी ज्या शाळेत शिकवायची तिचाच हॉल ठरला, म्हणून रांगोळी माझ्या वाट्याला आली.

रविवारी हॉल भरला. टेबलावर रिसीव्हर, शेजारी हार घातलेली रिकामी पेटी. प्रमुख पाहुणे मंत्री नव्हते, पण मंत्र्यांच्या गाडीत एकदा बसलेले होते. ते एका दुकानाचं उद्घाटन उरकून यायचे होते. ह्यांचे डोळे घड्याळावर. पाहुणे आले तेव्हा उपग्रहही आला होता. हेडफोन कानाला लावून ह्यांनी वकिलांना खूण केली. वकिलांनी हात हलवून त्यांना बसायला सांगितलं आणि स्वागतगीत सुरू झालं. मग हार झाले, प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचा परिचय झाला. पाहुणे बोलायला उठले.

“आपल्याकडं नवग्रह आधीपासून आहेत,” ते म्हणाले, “आता दहावा सोलापूरचा.”

टाळ्या पडल्या तेव्हा ह्यांनी हेडफोन काढून ठेवला. त्यांचा चेहरा मला मागच्या रांगेतून दिसत होता. स्टेशनवर पोचावं आणि गाडीचा शेवटचा डबा जाताना दिसावा, तसा.

भाषण संपलं. वकील म्हणाले, “आता आपण प्रत्यक्ष उपग्रहाचा आवाज ऐकू.” ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. वकिलांनी त्यांच्याकडे न बघता मंचाच्या पडद्याकडे बघून खोकल्यासारखं केलं. आणि स्वच्छ, गोड, ठणठणीत पीं-पीं सुरू झाली. ती रिसीव्हरमधून येत नव्हती. पडद्यामागे कारखानदार मोर्स शिकायचा बझर घेऊन बसले होते. त्यांच्या रेशमी झब्ब्याचं टोक मला दिसत होतं.

पाहुणे भारावले. “काय म्हणतोय तो?”

हवालदार सवयीनं उभे राहिले. मोर्स कानावर पडलं की ते खोटं सांगू शकत नसत. “साहेब, ए, बी, सी, डी म्हनतोय.” थोडं थांबून म्हणाले, “ई जरा चुकला.”

“वा,” पाहुणे म्हणाले, “विज्ञान अजून शिकतंय.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पेटी पुढे, वकील मध्ये, आमचे हे कडेला अर्धे कापलेले.

घरी मी विचारलं, “तुम्ही तिथंच का बोलला नाहीत?”

“तो निघून गेला होता. आता कशाचा पुरावा देणार?”

“बझर पडद्यामागेच होता की.”

एम.एस्सी.ला प्रथम वर्ग मिळवलेला माणूस, पण पडदा बाजूला सारायचा प्रयोग त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

पण नकाशावरचा कागद फिरवणं त्यांनी सोडलं नाही. आठवड्यानं, सकाळच्या उन्हात, हवालदार आमच्याकडे चहाला आले असताना रिसीव्हरच्या खरखरीतून बारीक, थरथरता सूर वर आला. चार टिंबं, मग दोन टिंबं. पुन्हा तेच. मग आकडे. मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले.

हवालदारांनी कप खाली ठेवला. “एच, आय. हाय म्हनतंय, वैनी.” मग हळूच म्हणाले, “लई लांबनं बोलतंय. पर हाय.”

तीन-चार चौकोनी बरण्यांएवढी वस्तू, कुणीतरी हातांनी जुळवलेली, आणि ती आमच्या स्वयंपाकघरावरून जात होती. ह्यांचे डोळे भरून आले. माझी पोळी जळली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आवाज विरल्यावर शेजारच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, “हॉलमध्ये ऐकला होता तो किती साफ होता.”

वकील आले पुढच्या प्रयोगाचं आमंत्रण घेऊन. ह्यांनी या वेळी मात्र सांगितलं, “खरा ऐकवायचा असेल तर येतो. भाषणं नंतर ठेवा.”

वकील समजुतीनं हसले. “अहो सर, खऱ्याची वेळ आपल्याला सांभाळावी लागते. बझर पाहुण्यांची वेळ सांभाळतो.”

“मग मला वगळा.”

“मलाबी,” शेजारी चहा घेत बसलेले हवालदार म्हणाले. ते एवढ्या थोडक्यात बोलल्याचं माझ्या आठवणीत दुसरं उदाहरण नाही.

दोन्ही परवानेवाले गेल्यामुळे क्लबचं कामकाज फार सुरळीत चालू लागलं. कारखानदार कार्याध्यक्ष झाले. टेंभुर्णीला क्लबचा जंगी कार्यक्रम झाला, आणि हवालदारांचे भाऊबंद सांगत आले की तिथं उपग्रहानं सरपंचांचं नाव घेऊन स्वागत केलं.