खंडेनवमीचा नारळ

झेंडूच्या वासात रॉकेलचा वास मिसळला की मला दासगावची पहिली खंडेनवमी आठवते. मी नवी सून. सावित्री नदीवर तुडीलला जाणारी आमची होडी होती आणि तिच्या मागे लावायचं एक म्हातारं मशीन, खाडीच्या खाऱ्या पाण्याने खाल्लेलं. यांनी अख्खा पावसाळा ते पडवीत गोणपाटावर उघडून रॉकेलने धुतलं, गळू नये म्हणून पुठ्ठा कापून सांध्यांत बसवला, आणि आदल्या दिवशी ते एकदाचं सुरू झालं. सकाळी थोरल्या दिरांनी पाना, कोयता पाटावर मांडून पूजा केली, मशीनला हार घातला आणि कुणी अडवायच्या आत नारळ थेट त्याच्याच डोक्यावर आपटला. प्लगची पांढरी चिनीमाती तुटून उडाली. "देवाचा मान हाय रे, त्याला काय होतंय?" दीर हसले. "दादा, अख्खा पावसाळा घातलाय मी यात!" असं ओरडत यांनी पाटावरचा पाना उचलला आणि नारळ फोडणाऱ्या त्याच हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दिरांनी डाव्या हाताने कोयता उचलला, तशी मी मध्ये पडले. "आधी मला तोडा, भावजी!" कोयता खाली पडला. प्लग महाडच्या बाजारात मिळाला, मशीन चाललं, हाड मात्र वाकडंच जुळलं. पुढल्या खंडेनवमीला दिरांनी त्याच हाताने पूजा केली आणि नारळ फोडायला यांच्याकडे दिला. आता नातू मोटारसायकलला हार घालतो, नारळ दारातल्या दगडावर फोडतो. सगळे नारळाकडे बघत असतात. पाना मी आधीच पदराखाली घेतलेला असतो.